एक तिकीट, नातालेसपर्यंत

रांकाग्वाच्या टोलनाक्यावर एकतीस वर्षं
मी माणसं कोपरापर्यंतच पाहिली.
खिडकीतून आत येणारे हात.
अंगठी नुकतीच काढल्याची पांढरी खूण,
मासळीचे खवले, वंगण, एकदा नुसतं रक्त,
आणि मागे इंजिन चालूच.
सगळे दक्षिणेला जायचे.
मी सुट्टे द्यायचे.

निवृत्तीच्या पैशात एक तिकीट काढलं,
पुएर्तो मोन्तहून चार रात्री.
अर्धं जहाज माणसांचं, अर्धं ट्रकांचं आणि गुरांचं.
जेवणघरातल्या पोराने विचारलं, बाकीचे येताहेत ना?
म्हटलं, बाकीचे नाहीत.
त्याने तीन ताटं उचलली, तीन चमचे, तीन पेले,
सुऱ्या विसरला.
चार सुऱ्यांच्या पहाऱ्यात मी सूप प्यायले.

पेनासच्या आखातात सगळ्यांना बोट लागली.
तालकाचं नवं जोडपं आडवं,
कॅमेऱ्यांना अंगडी घालून आणलेले दोघे जर्मनही आडवे.
मला काही झालं नाही,
ट्रक गेला की नाक्याची खोली अशीच हलायची.
रात्री जेवायला मी एकटीच गेले.
सरकणारं पातेलं पोटाने अडवत
आचारी एलियेसेर आतून ओरडला,
"एकीसाठी कुठं टेबल मांडू? खाली या!"

खाली म्हणजे
पाइपांखालून वाकून, गुरांच्या वासातून,
भिंतीला बोल्ट मारलेल्या बाकापर्यंत.
तिथे सारंग रोसामेल, बोटं साडेआठ.
इंजिनातला नाहुएल्किन, जो बोलायच्या आधी
जणू परवानगीची वाट बघतो.
आणि दानित्सा, तिसरी अधिकारी, वय सव्वीस,
तळहातावर पेनाने लिहिलेलं: आई, फोन.

तुंबा फिरत होता.
माते नावाचा कडू पाला, वर कढत पाणी,
नळी एकच, सगळ्यांना.
माझ्याकडे आला. प्यायले, परत दिला,
आभार म्हटलं, लहानपणी शिकवल्याप्रमाणे.
पुढच्या फेरीला तुंबा मला ओलांडून गेला.
त्याच्या पुढच्याही.
मनात म्हटलं, ठीक आहे,
परक्या बाईला एक घोट पुष्कळ झाला.
चौथ्या फेरीला रोसामेल माझं तोंड बघून हसत सुटला.
"अहो बाई, आमच्यात आभार म्हणजे पुरे!
हवं असेल तर गप्प बसायचं."

गप्प बसणं मला येतं.

त्या रात्री सात वेळा प्यायले
आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.
मग काय, बटाटे सोलले, चिलोएचे, सालीखाली जांभळे,
एलियेसेरची बायको दुसऱ्या एका आचाऱ्याबरोबर गेली
ते ऐकत. "निदान त्याचं मीठ तरी बरोबर असावं,"
तो म्हणाला, आणि आम्ही दोघं
सुरी बाजूला ठेवून हसलो.

उजाडताना दानित्साने वर बोलावलं.
खाडी इतकी अरुंद, की दोन्ही काठांची झाडं
एकमेकांना ओळखत असतील.
"हा तुमचाच नाका," ती म्हणाली,
"एका वेळी एकच जहाज."
बाहेरच्या सज्जातून मी सवयीने हात पुढे केला.
पाऊस पडला त्यात, बारीक.
सुट्टेच म्हणायचे.
तिला फोनची आठवण करून दिली,
तर म्हणाली, इथे रेंज नाही,
म्हणून तर हातावर लिहिते.

नातालेसला आधी गुरं उतरली, मग ट्रक, मग आम्ही.
साखळीपाशी रोसामेल उभा, कानाला वायरलेस.
त्याने काही न बोलता माझ्या तळहातावर
एक बटाटा ठेवला, कोंब फुटलेला.
मी बोटं मिटली.
मागे इंजिनं चालूच होती.
मी वर पाहिलं, कोपराच्या वर, खांद्याच्या वर,
दाढी करताना हनुवटीला कापलं होतं त्याने
आणि कागदाचा कपटा चिकटवलेला.

आभार म्हटलं नाही.
उभीच राहिले.

"पुढे व्हा बाई," तो म्हणाला,
"मागे रांग लागलीय."