करवतीचे दात

झाकण हळू उघड, सैमा. श्वाससुद्धा बेतानं.
वाळलेल्या मिशा फुंकरीनं तुटतात
आणि मिशी तुटली की अर्धी ओळख गेली.

आधी कंबर बघ.
गांधीलमाशीची कशी, दोऱ्यानं आवळल्यासारखी.
करवतमाशीला कंबरच नाही,
छाती संपते तिथं थेट पोट,
माझ्यासारखं.
हस खुशाल.

ही जोडी पाइनवरची, खाली दक्षिणेतली.
त्याच्या मिशा म्हणजे दुहेरी कंगवा, पीसच जणू.
तिच्या नुसत्या दातेरी.
तो काळा, सडसडीत;
ती पिवळट, बुटकी, अंड्यांनी जड.
शेजारी टोचले तरी वाटतं
एका झाडाचे दोन भाडेकरू, बोलणं बंद असलेले.

ही झाली सोपी.
विलोवरच्यांनी मात्र माझे डोळे नेले.
साऱ्या हिरवट, साऱ्यांच्या मांड्या फिक्या,
पाठीवर तोच काळा डाग, जरा कमी, जरा जास्त.
मग पोटाचं टोक पोटॅशमध्ये मऊ करायचं,
सुईनं तिची करवत उपसायची,
काचेवर आडवी निजवायची
आणि दात मोजायचे.
सतराव्याशी मला हटकून शिंक येते.

नराला करवत नाही,
पण त्यालाही उघडावं लागतंच.
आत एक चपटी कपची असते, नखाच्या कडेहून बारीक,
ज्याच्या त्याच्या जातीची वेगळी.
बाहेरून जे दिसतं
ते आपलं लांबून हाक मारण्यापुरतं.

हा खण माझ्या भावाचा, ताउकोचा.
शाळामास्तर. अक्षर बघ, मुंगीनं गिरवल्यासारखं:
उत्स्योकी, नदीकाठ, जून एकसष्ट.
डाव्या कोपऱ्यात हे काळे, एका नावाखाली.
उजवीकडे या हिरव्या, दुसऱ्या.
मधे वीतभर बूच.
वीस वर्षं.

मग मी सौनामागच्या झुडपावर
एकीला अंडी घालताना पाहिलं.
अळ्या जॅमच्या बरणीत वाढवल्या,
हिवाळाभर कोष तळघरात, बटाट्यांशेजारी.
वसंतात एकाच बरणीतून
काळेही निघाले, हिरव्याही.

ताउको पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही.
दुसऱ्याला नावं ठेवायला काय लागतं?
आपण दिलेलं नाव मागं घ्यायचं म्हणजे
टाचणीसुद्धा हलत नाही बोटांतून.
एका रात्री त्यानं सगळ्या हलवल्या.
सकाळी कॉफी केली, माझ्यासाठीही.
बुचातली भोकं अजून आहेत,
बोट फिरवलंस तर कळतील.

आणि ही शेवटची रांग.
चाळीस जणी, नर एकही नाही.
आम्ही दोघांनी किती उन्हाळे जाळं फिरवलं.
तिला लागतच नाही म्हणतात, नराशिवाय वाढते.
तरी ताउकोनं कडेला
एका टाचणीपुरती जागा ठेवलीय.
मी ती भरली नाही.
तूही घाई करू नकोस.

चष्मा कुठं गेला माझा?
हं. दे इकडे.
कितवा दात चालला होता?