त्या मानाने

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
बावीस वर्षं मी टॉवेल तपासतो.
टेबलात ट्यूब, ट्यूबवर काच, काचेवर कापड.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, फणीची रेघ
दिसली की लाल बाणाचं स्टिकर.
तीन बाण झाले की माल दुसऱ्या ढिगात,
दुसरा ढीग वजनावर.

त्यामुळे परदेशी माणूस आपल्याबद्दल काय लिहितो
ते वाचायची मला सवय आहे.
पहिली ओळ गोड असते.
रंग आवडला म्हणतो.
मग 'तथापि' येतो
आणि मागोमाग कंटेनर परत येतो.

वरलक्ष्मी माझ्या भावाची पोरगी.
भारताकडून रग्बी खेळते,
सातजणींची, सात-सात मिनिटांची.
होम मैदानावर शिकली.
गड्ड्याची जत्रा उठली की
आधी तंबूचे खिळे, बांगड्यांच्या काचा वेचायच्या,
मग पळायचं.
गल्लीत अजून विचारतात,
काय बे, बॉल मागं टाकून पुढं कशी जाते ही?

परवा तिकडं हरल्या. पाच विरुद्ध त्रेचाळीस.
ते पाच हिचे.

मालकाच्या भाच्यानं तिथल्या पेपरचा फोटो पाठवला.
चार ओळी. दोन बोटांनी मोठ्या केल्या,
काचेवर कापड ताणावं तशा.

'हिंमतवान' लिहिलं होतं.
हा शब्द ते हरलेल्यांसाठीच राखून ठेवतात,
जिंकणाऱ्यांना 'अचूक', 'निर्दय'.
'हसतमुख' लिहिलं होतं.
त्रेचाळीस खाऊन कोण हसलं?
'त्या मानाने बरा खेळ' लिहिलं होतं.
कुठल्या मानाने?
मान आमची, माप त्यांचं.
आणि चिप्पा या आडनावातली दोन अक्षरं गळून
छापलं होतं 'चीप'.

वहिनी विड्या वळत होती,
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं.
"एम रासिन्रु?"
चांगलंच लिहिलंय, म्हणालो.
"मग एवढा वेळ का लागतोय?"

आपल्या पेपरात मात्र अर्धं पान.
'सोलापूरच्या कन्येची गरुडझेप.'
फोटो तिचा, त्याहून मोठा शाल देणाऱ्याचा.
स्कोअर कुठंच नाही.
तो अंक वहिनीनं देवळीत ठेवला.

रविवारी ती आली. कानाला तीन टाके.
पिशवीतून बूट काढले,
चिखलाचे, कागदात गुंडाळलेले,
आणि कागद तोच, तिकडचा.
मी घाईनं गोळा करायला लागलो.
"राहू द्या काका, वाचलंय.
पाचवी ओळ वाचली का तुम्ही? घडीत गेलीये."

हातानं सपाट केली. चिखल खरवडला. होती.
'अकरा नंबरची खेळाडू
टॅकलच्या आधी डावा खांदा पाडते.
समोरच्या चारही वेळा तिथूनच निसटल्या.'

ती उठली, दाराच्या चौकटीला खांदा लावून बघितला.
पडत होता.
पुन्हा लावला.
"तीन वर्षं झाली खेळतेय.
हे कुणी सांगितलंच नव्हतं."

तुला चीप लिहिलंय त्यानं, म्हणालो.
"लिहू दे. बघत तर होता."

मग माझ्या खिशातलं एक स्टिकर घेतलं,
डाव्या खांद्यावर चिकटवलं
आणि होम मैदानावर गेली, उन्हात,
वहिनी पाठीमागनं ओरडत असताना.

मला रात्री झोप लागली नाही.
बावीस वर्षांत किती बाण लावले असतील.
त्यातला एक तरी
मागावर पोचला का?
ढीग बदलला की माझं काम संपत होतं.

सोमवारी एक टॉवेल खांद्यावर टाकून
नऊ नंबरच्या मागाकडं गेलो.
खटखटाटात नरसय्यानं मला येताना पाहिलं,
माग बंद केला, हात पुसले.
"काय हो चेकर," म्हणाला,
"काढलं का मला?"