पाठकोरं

कावालाच्या शाखेत त्या आठवड्यात कागदही नव्हता.
मागच्या निवडणुकीचं एक पोस्टर उरलं होतं,
तेच मी कातरलं. सेहेचाळीस तुकडे,
पाठकोरे.
प्रोद्रोमोसच्या चेहऱ्याच्या अशा मतपत्रिका झाल्या:
कुणाच्या वाट्याला कान, कुणाला टायची गाठ,
बऱ्याच जणांना नुसतंच मागचं आभाळ.

प्रश्न एका ओळीचा. त्यांच्या सरकारात जायचं का.

खाली बँकेच्या यंत्रापुढे रांग.
भाषण अर्ध्यावर टाकून माणसं नंबर राखायला उतरत,
परत येऊन विचारत, कुठवर आलं?

अनेस्तिस म्हणाला, घर ज्यांनी पेटवलं
त्यांच्याच बादलीला हात लावायचा?
प्रोद्रोमोस म्हणाला, विहीर एकच आहे, माननीय सदस्य.
माननीय सदस्य!
याच्या लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे फुलांचे मुकुट
अनेस्तिसनंच अदलाबदल केले होते, तीनदा,
तेव्हापासून दोघांना 'कूम्बारे'शिवाय
दुसरी हाक ठाऊक नव्हती.

एव्दोक्सिया औषधवाली उठली,
इन्सुलिन अकरा दिवसांचं आहे, म्हणाली, आणि बसली.
दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.

तेवीस हो. बावीस नाही. एक कोरी.
कोरी कुणाची ते विचारू नका,
कातर माझ्या हातात होती एवढंच सांगते.

मग वाटणी.
पंखा नाहीवाल्यांचा, तो अनेस्तिसच्या मेहुणीनं दिलेला.
खुर्च्या निम्म्या.
कॉफीचं तांब्याचं भांडं कुणालाच नको होतं, कल्हई उडालेलं.
शिक्क्यावरून मात्र गोष्ट कोर्टात गेली, अजून तिथंच आहे.
मतांचे दोन लिफाफे ज्याचे त्यानं न्यावेत असं ठरलं.
देण्याआधी मी टेबलावर जुळवून पाहिलं:
डावा डोळा हो, उजवाही हो,
वरचा ओठ इकडे, खालचा तिकडे.
हनुवटी कोरी.

रात्री साडेबाराला दोघंही रांगेत होते,
मध्ये मी, आणि बोटीवरचा एक पोरगा
उभ्याउभ्या पेंगणारा.
कुणी कुणाकडे वळलं नाही.
अनेस्तिसनं माझ्या खांद्यावरून,
रस्त्याला विचारावं तसं विचारलं,
साठ निघतायत ना?

यंत्रापाशी पोचलेला प्रोद्रोमोस
मागे न बघता म्हणाला,
पन्नासच. वीसच्या संपल्या.