पॅकेज

किट्वे शहरात, छापखान्यामागच्या खोलीत
चिलेक्वा मुद्रितं तपासते.
आजच्या अंकात हा शब्द एकवीसदा.
सरकारला मिळालं ते पॅकेज,
त्याच्या पोटात अटींचं दुसरं पॅकेज,
मंत्र्याचा पगार,
आणि खाणीतून काढलेल्यांच्या हातावर टेकवलं
तेही.

तिच्या लहानपणी पॅकेज एकच होतं:
मावशी न्डोलाहून बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची,
सुतळीनं बांधलेलं,
सुक्या कापेंता मासळीचा वास मारणारं.
सुतळी कापायची नाही, गाठ सोडवायची,
असा आईचा दंडक.

भावाच्या पॅकेजला गाठच नव्हती.
एक आकडा, दोन सह्या.
मुसोंडानं शीतपेटी घेतली, मासे विकायला;
वीज गेली ती नवव्या दिवशी आली.
आता वीज मंडळालाही म्हणे पॅकेज हवंय:
पान तीन, रकाना दुसरा.

संपादक ओरडतो, आटप.
ती समासात लिहिते, ‘कोणतं?’
मग खोडते. स्पेलिंग तर बरोबर आहे.

घरी मुसोंडा
शीतपेटीत कोळसा भरून ठेवतो, विकायला.
झाकण घट्ट बसतं, म्हणतो,
दमट होत नाही.