थोडी डावीकडे

तुरमुद डाग द्यायला बसला की
माझं काम एकच, टॉर्च धरायची.
"अगं, माझ्या बोटांवर नको, सांध्यावर. खाली.
थोडी डावीकडे."
एकतीस वर्षं मी अशी थोडी डावीकडे उभी आहे.

मासेमारीच्या बोटीवरून, इंजिनाच्या खोलीतून
तो निवृत्त होऊन घरी आला,
आणि त्याच हिवाळ्यात हातांना खाज सुटली.
आधी रेडिओ उघडला, मग टोस्टर,
मग माझं शिलाई मशीन.
त्याचे तीन स्क्रू अजून जॅमच्या बरणीत पडलेत.
मशीन चालतं त्यांच्याशिवाय,
म्हणून तो मलाच पटवतो
की कारखानेवाले उगाच जास्तीचे लावतात.

मग म्हणाला, कोंबड्यांना दार करू.
उजाडलं की आपोआप उघडणारं,
अंधारलं की मिटणारं.
पहाटे बर्फ तुडवत जायला नको,
आणि मिंकही आत शिरायचं नाही.
कागदावर त्याने रेघा ओढल्या.
कागदावर वीज किती शहाणी असते,
आखल्या वाटेने जाते, आखल्या वाटेने परत येते.

उजेड ओळखणारा एक मणी, अर्ध्या वाटाण्याएवढा.
मोटर भंगारातल्या गाडीच्या वायपरची.
दार म्हणजे माशांच्या पेटीची फळी,
तिच्यावर निळ्या अक्षरांत
कुणाच्या तरी बुडालेल्या धंद्याचं नाव.

पहिल्या दिवशी धूर आला.
दुसऱ्या दिवशी धूरही येईना, हे जास्त वाईट.
तिसऱ्या दिवशी एक स्क्रू फरशीच्या फटीत गेला
आणि त्याने अशी शिवी हासडली
जी मी एकदाच ऐकली होती,
त्याच्या बापाच्या तोंडून, वादळात.
ट्रान्झिस्टर उलटा बसला होता.
तीन पाय, तिळ्या भावांसारखे, ओळखायचे कसे?
तो उपटताना खालची तांब्याची पट्टी
भाजल्या कातडीसारखी सोलून वर आली.
तुरमुद गप्प बसून राहिला.
मी टॉर्च विझवली.
अशा वेळी उजेडसुद्धा आगाऊ वाटतो.

आणि मग एकदा रात्री दोन वाजता हाक.
"सोलफ्रिद! ये, ये, आहेस तशी ये!"
मी झोपेच्या झग्यावर रबरी बूट चढवले.
त्याने मण्यावर तळहात ठेवला, दार खाली आलं.
हात काढला, दार वर गेलं.
खाली. वर. पुन्हा खाली.
एवढा सदुसष्ट वर्षांचा माणूस, नाकाला डाग देण्याचा रोजन लागलेला,
असा हसत होता
जसं काही सूर्यालाच त्याने मूठ बसवली होती.
मीही टाळ्या वाजवल्या.

रात्रीचे दोन, आणि अंगणात लख्ख ऊन.
जन्म या सेन्या बेटावर काढलेली आम्ही दोघं,
पण त्या क्षणी एकालाही काही सुचलं नाही.

जून गेला, जुलै गेला, दार काही मिटेना.
बोर्गहिल्ड आणि पेट्रा, त्याच्या मावश्यांच्या नावाच्या कोंबड्या,
मध्यरात्री फुलांचे वाफे उकरत हिंडायच्या.
नोव्हेंबर संपता संपता सूर्य गेला तो गेला,
आता दार उघडेना.
त्याने मण्याची नजर तीक्ष्ण केली,
बटण केसभर फिरवलं, मग आणखी केसभर.
दुपारच्या निळ्या उजेडात दार उघडलं खरं.
पहाटे चारला रूनेच्या बर्फ ढकलणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे पडले,
तेव्हाही उघडलं.
पौर्णिमेला तर ते रात्रभर
ढगागणिक वरखाली, वरखाली,
आणि आतून मावश्यांचा कलकलाट.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, घड्याळ लाव.
"घड्याळ काय, कुणीही लावेल," तो म्हणाला होता.

आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दोरी जाते,
बोटीवरच्या जुन्या कप्पीवरून, थेट दारापर्यंत.
कॉफी उकळेपर्यंत मी ती ओढते.
भिंतीवर ती पेटी अजून आहे,
हिरवा दिवा लुकलुकतो, कशासाठी ते विचारत नाही.
फक्त जाता-येता तो तिच्यावरची धूळ
बाहीने पुसताना मी पाहिलंय.

काल टेबलावर पुन्हा तारा पसरल्या होत्या.
"आता काय?"
"दोरी रोज किती वाजता ओढली जाते
ते टिपून ठेवणारं काहीतरी," मान वर न करता.
"टॉर्च आण ना."
आणली.
सेल मी दुपारीच बदलून ठेवले होते.