दाढा पाहिलेला उजेड

कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला
तेव्हा खुर्ची गेली गोकाकला,
कपाटं भंगारात,
आणि हा रिंग फ्लॅश आला माझ्याकडे,
तीन हजारांत, वर बॅटरीचा डबा फुकट.
वीस वर्षं त्यानं दाढाच पाहिल्या होत्या.
कीड, सिमेंट, सुजलेल्या हिरड्या.

आता तो लेन्सच्या मनगटात पाटलीसारखा बसतो
आणि शहापुरात, पहिल्या मजल्यावर,
अख्खे चेहरे बघायला शिकतोय.

बाबा खिडकीवाले.
उत्तरेची खिडकी, तिच्यावर ताणलेलं पांढरं धोतर,
आणि अर्धा चेहरा अंधाराला देऊन टाकायचा.
नाकाची सावली ओठाला टेकू देऊ नको,
एवढं एकच त्यांनी मला तोंडानं शिकवलं.
या कड्यापुढे ते शिकणं वाया.
इथे नाकाला सावलीच नाही.
उजेड डावीकडून येत नाही, उजवीकडून येत नाही,
बघणारा जिथून बघतो
तिथूनच निघतो.

नागरत्ना मुचंडीकर गुरुवारी आली.
घर वडगावात, घरात दोन माग,
दिवसभर खडेबाजारात साड्यांना फॉल लावते.
वेणीत सुताचा एक तंतू राहिलेला.
"मॉडेलचा असतोय बघा, तसा पायजे."
कशाला, मी विचारलं नाही.
पिशवीतून निघालं उसनं नेकलेस,
मैत्रिणीची लिपस्टिक,
आणि काळा गाऊन,
गिऱ्हाइकांच्या अस्तरातून उरलेल्या सॅटिनचा,
जोड कुठे आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

भिंतीला पाठ टेकेल इतकी मागे उभी केली.
"स्वल्प पुढे. हनुवटी खाली. इल्ली नोडु."
मराठीत सांगितलं की माणसं हसतात,
कानडीत सांगितलं की सरळ उभी राहतात.
मला दोन्ही लागतं.

फट्.

वरच्या पत्र्यावरचं कबूतर उडालं.
ती हसायची थांबली,
आणि तोच फोटो चांगला आला.

पडद्यावर खांद्याभोवती, केसांभोवती
बारीक काळी कड, पेन्सिलीनं माणूस गिरवावा तशी.
"ही रेघ कसली?"
"तुझी सावली. पळायला जागा मिळाली नाही तिला."
मग तिनं गाल मोठा करून बघितला.
डाव्या गालावर कांजिण्यांचे तीन खड्डे,
लहानपणापासूनचे.
"खड्डे कुठायत?"

मला वाटलं, चिडली.
बाबांच्या खिडकीत ते आणखी खोल आले असते
आणि गिऱ्हाईक म्हणालं असतं, वरून रंगवून द्या.
मी म्हणालो, हवे तर बाजूचा दिवा लावतो, येतील.
"नको. ते घरी आरशात हायत की.
त्यांच्यासाठी दीड हजार कशाला देऊ?"

मग डोळे.
दोन्ही बुबुळांत एकेक पांढरं कडं,
पूर्ण, कुठेही न तुटलेलं,
आणि कड्याच्या आत, तिळाएवढा,
वाकलेला एक काळा माणूस.
"ह्यात तुम्हीच की!"
मी खजील. "पुसून टाकतो. दोन मिनिटं."
तिनं खूप वेळ बघितलं,
उसन्या नेकलेसचा फासा बोटानं चाचपत.
"राहू दे.
समोर कोणतरी होतं, एवढं तरी कळंल."

बाबांच्या एकाही फोटोत बाबा नाहीत.

गाऊन पिशवीत, पुन्हा पंजाबी ड्रेस,
लिपस्टिक मात्र तशीच ठेवून ती जिना उतरली.
डोळ्यांत अजून ते कडं जळत असणार,
जांभळं, मग हिरवं,
जिथे बघेल तिथे पुढे जाऊन बसणारं:
कुंद्याच्या दुकानावर, सायकलींवर,
वर कानडी खाली मराठी लिहिलेल्या पाटीवर,
जी वाचायला तिला कडं विझेपर्यंत थांबावं लागेल.

खिडकीतून ओरडलो, "खालची पायरी फुटलीय, सांभाळ."
"साकु, साकु," ती वर न बघता म्हणाली,
"दिसतंय मला."
आणि नेमका तिथेच
तिचा पाय अडखळला.