विनंती थांबा

चौथा दिवस होता.
पाचला उठली, कोमट पाणी प्याली, बसली.
नळाचा थेंब बादलीत पडून राहिला.
भोजराजनं दार वाजवलं, "आटोपलं का?"
आटोपायला
आधी सुरू तर व्हायला पाहिजे, बाप्पा.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत उलटं होतं.
बर्डीहून हिंगण्याची गाडी सुटली
की शंकरनगर यायच्या आत
पोटात कोणीतरी कळशी विसळायचं.
तिकिटं फाडता फाडता मी
कोणत्या पंपावर संडास उघडा असते
ते पाठ केलं होतं.
वजन एक्केचाळीस. रक्त सात.
मग मेडिकलचा लांब व्हरांडा,
दुर्बीण, आतड्याचा तुकडा,
आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गहू बंद. जन्मभर.

माझ्या पासांवर महिन्याचा शिक्का असते.
जन्मभरचा पास मी कोणाला फाडून दिला नव्हता.

पोळी गेली. रवा, शेवया, लग्नातली पुरी.
हिंगाची डबी पण गेली, तिच्यातही कणीक निघाली.
पोट शांत झालं,
मग जरा जास्तच शांत झालं.

सकाळी साबुदाणा, दुपारी भात,
मधात आलू, रात्री पुन्हा भात.
ताट असं पांढरं
जसं कोणाच्या घरी सुतक आहे.
आणि ती पाकिटातली महाग बिस्किटं,
पुठ्ठ्याला साखर लावल्यासारखी.
मी सगळ्यांना सांगून राहिली,
गव्हानं सोडलं, पण जाता जाता दार लावून गेला.

धंतोलीतल्या ढोबळे मॅडम, आहारवाल्या,
माझी वही उघडूनही पाहिली नाही त्यांनी.
विचारलं,
"लागते, तेव्हा तुम्ही कुठं असता?"

शंकरनगरच्या सिग्नलला, मॅडम.
गळ्यात पैशाची बॅग,
समोर कॉलेजचे पोट्टे, सुट्टे नसलेले.
"मग काय करता?"
दाबते.
"पाणी?"
पेत नाही. पेलं की जावं लागते.
डेपोतल्या बायांच्या संडासाला कुलूप आहे,
चावी टाइमकीपरच्या खिशात,
टाइमकीपर चहाच्या टपरीवर.
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
माझी बाटली भरली जाते आणि भरलीच घरी येते.

बोलता बोलता मलाच ऐकू आलं.
आतड्याला मीच रोज सांगत होती, आत्ता नाही.
ते आज्ञाधारक निघालं.
घरातलं तेवढं एकच.

आता ज्वारी.
जुनी घरघंटी घेतली, हप्त्यानं,
कारण गिरणीच्या पाळीत गहू लपून बसते.
माझे हात पोळीचे,
भाकर थापली की नकाशा होते, काठ फाटतात.
सोबत जवसाची चटणी, तेल टाकून,
चवळी, दोडक्याची भाजी.
संत्र्याचा रस नाही, फोडी,
पांढऱ्या धाग्यासकट, जो आई काढून द्यायची.
एकदम सुरू केलं तर पोट नगारा झालं,
आठ दिवस मी कोणाजवळ उभी राहिली नाही.
थोडं थोडं, मॅडम म्हणाल्या होत्या,
मीच ऐकलं नव्हतं.

चावीचं सांगायचं राहिलं.
एका सोमवारी टाइमकीपरच्या टेबलावरून उचलली,
बॅगच्या चेनला अडकवली.
"बाई, चावी इथंच राहते."
आता इथं राहील, म्हटलं.
तो रजिस्टर शोधत बसला,
अशा गोष्टीची नोंद कुठं करायची असते ते.

मग एक दिवस, सहा चाळीसला,
पहिल्या फेरीच्या आधी,
बाटली अर्धी रिकामी,
मी कुलूप उघडून आत बसली होती
आणि घाई करत नव्हती.
बाहेर गजबे ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
परत दिला.
"बाई, टाइम झाला!"

होऊ दे.
घंटी माझ्याजवळ आहे.